साडेसव्वीस तासांची कोर

यंदा, म्हणजे २०२५ ला, मार्चचे शेवटचे तीन दिवस कॅलेंडरवर असे आले होते: शनिवारी २९ तारखेला फाल्गुनातली अमावास्या, रविवारी ३० ला गुढीपाडवा आणि सोमवारी ३१ ला रमजान ईद. जोडून सुट्टी म्हणून स्टाफरूममध्ये कुणी दापोलीचं बुकिंग करत होतं, कुणी अलिबागचं. मी सातवी-आठवीला गणित शिकवते आणि मला त्या तीन तारखांचं अप्रूप फेब्रुवारीपासूनच होतं, कारण तिन्ही एकाच चंद्रावर ठरलेल्या होत्या. चंद्र सूर्याला गाठून पुढे निघाला की अमावास्या संपते आणि चैत्र लागतो. तोच चंद्र संध्याकाळी पश्चिमेला डोळ्यांना दिसला की रमजान संपतो. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. माझ्या मुलांनी ते एकदा तरी प्रत्यक्ष बघावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. पुण्यात आमच्या घराच्या पश्चिमेला अकरा मजली इमारत उभी आहे. वाईला माहेरच्या गच्चीवरून मात्र पश्चिम मोकळी दिसते, लांबवर डोंगराची कड आणि वर सगळं आकाश. म्हणून आम्ही वाईला गेलो.

निघायच्या आधी आईचा फोन. "अमावास्येचं कशाला निघताय गं पोरांना घेऊन? उद्या सकाळी या." तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला, "अमावास्या साडेचारला संपतेय. साडेचारनंतर घरात पाऊल टाका म्हणावं, झालं." दोघांचंही समाधान होईल असा तोडगा काढण्यात नानांचा हात कुणी धरणार नाही. पंचांगातली नेमकी वेळ होती दुपारी ४ वाजून २७ मिनिटं. त्याच दुपारी सूर्यग्रहणही होतं, भारतातून न दिसणारं, त्यामुळे वेध वगैरे पाळायचा प्रश्न नव्हता. पण सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच का लागतं, हे धाकट्याला गाडीत बसल्या बसल्या विचारायचं होतं. ताईने, म्हणजे माझ्या आठवीतल्या लेकीने, पुढच्या सीटच्या पाठीवर तीन टिकल्या चिकटवून त्याला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी दाखवले.

शिरवळ सुटल्यावर खंबाटकीच्या पायथ्याशी गाड्या थांबल्या. सुट्टीच्या दिवशी हे ठरलेलंच. एरवी माझी चिडचिड होते, पण चैत्राच्या तोंडावर तो घाट बघत बसायलाही चांगला असतो. उतारावर वणव्याने काळे पडलेले पट्टे होते आणि त्यांच्या मधेच कुसुंबाची झाडं लालभडक. लोकांना ती फुलं वाटतात, पण ती कुसुंबाची कोवळी पानं असतात. आधी लाल, मग तांबूस आणि महिन्याभरात नेहमीसारखी हिरवी. पांगाऱ्यावर एकही पान नव्हतं, नुसत्या फुलांवर साळुंक्या आणि कावळे तुटून पडले होते. करंजाची पालवी इतकी चकचकीत की ऊन तिच्यावरून घसरत होतं. नवरा म्हणाला, इंजिन बंद करू या आणि खाली उतरून बघू या. दहा मिनिटं आम्ही कठड्यापाशी उभे होतो.

तिथेच माझ्या फोनवर फोटो आला. लंडनजवळ राहणाऱ्या चुलतबहिणीने परसात पांढरा पुठ्ठा ठेवून त्यावर स्वयंपाकघरातली पीठ चाळायची चाळणी धरली होती. चाळणीच्या प्रत्येक भोकातून सूर्याचं एकेक प्रतिबिंब पडलं होतं आणि प्रत्येकाची एक बाजू खाल्लेली. शेकडो छोटे ग्रासलेले सूर्य. तिच्याकडे सकाळचे अकरा वाजले होते आणि आपल्याकडे दुपारचे साडेचार. मी धाकट्याला घड्याळ दाखवलं. आजीची अमावास्या संपायची वेळ आणि मावशीकडे चंद्र सूर्यावर आलेला दिसण्याची वेळ, दोन्ही एकच. पंचांगातला आकडा कुठून येतो ते त्याला त्या क्षणी कळलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. वर्गात असा चेहरा दिसला की माझा दिवस चांगला जातो.

त्याने लगेच वहीत नोंद केली: "२९ मार्च, ४.२७. चंद्राचं वय शून्य."

सुरूर फाट्याला वळलं की जुने वड लागतात. त्यांच्या सावलीतून वाईत शिरणं हा माझ्या सुट्टीचा पहिला खरा क्षण असतो आणि रस्ते कितीही रुंद झाले तरी ते वड राहावेत असं मला फार वाटतं. शेतांमधून हळद शिजवल्याचा वास येत होता. या भागात हळद पुष्कळ. काढणी झाली की गड्डे आणि हळकुंडं वेगळी करून शिजवतात, मग उन्हात पसरून कडक वाळवतात. पूर्वी मोठ्या काहिलीत, वर पाला झाकून शिजवायचे. आता वाफेच्या टाक्या आल्यात. वास मात्र तोच, मातकट, उग्र, घशात जाणारा. लेक म्हणाली डोकं दुखतंय. मी काच अजून थोडी खाली केली.

घरी पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते, त्यामुळे आई खूश. संध्याकाळी नाना आणि नातू बाजारात जाऊन कळक, झेंडू आणि साखरेच्या गाठी घेऊन आले. गाठी करणाऱ्याकडे लाकडी साचे उघडे पडले होते. साच्यात दोरा घालून वरून पाक ओततात आणि तो थिजला की पदकांची अख्खी माळ दोऱ्यासकट निघते. धाकट्याने घरी येताना एक पदक वाटेतच संपवलं.

पाडव्याला पहाटे आईने मला हाक मारली ती माझ्या लहानपणच्याच सुरात. सूर्योदयाला गुढी उभी राहिली पाहिजे, यात तिच्याकडे सूट नाही. कळकाला तेल लावून, पुसून, खण बांधून, कडुनिंबाची आणि आंब्याची डहाळी, गाठी आणि वर उपडा तांब्याचा गडू. कडुनिंबाची चटणी आमच्याकडे खरंच कडू असते. कोवळी पानं, फुलोरा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग, मिरं, चिंच आणि नावापुरता गूळ. हल्ली पुष्कळ घरी गूळच जास्त असतो. आईचं म्हणणं, मग श्रीखंडच खा की. मुलांनी तोंडं वाकडी केली, पण गिळली.

मग नानांनी पंचांग वाचलं. शके १९४७, विश्वावसू नाम संवत्सर. संवत्सरांची नावं साठ असतात, साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. नाना १९५० सालचे. मागचं विश्वावसू संवत्सर १९६५ च्या चैत्रात लागलं, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. "हा माझा दुसरा विश्वावसू," ते म्हणाले आणि पंचांग मिटून जरा वेळ बसून राहिले. तेव्हा धोमचं धरण झालेलं नव्हतं. पावसाळ्यात कृष्णा घाट ओलांडून थेट ढोल्या गणपतीच्या देवळाला भिडायची. ते देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, आणि पुराचं पाणी दुभंगून दोन बाजूंनी निघून जावं म्हणून मागची भिंत मासोळीच्या आकाराची, निमुळती ठेवली. लहानपणी मी त्या भिंतीला वळसा घालून पळायचे, तिचा आकार तसा का आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं. यंदा नानांनी नातवंडांना तिथे नेऊन हाताने दाखवलं, पाणी कुठून यायचं, कुठे फुटायचं. ते पंधराव्या वर्षी त्याच पुरात भिंतीच्या टोकावरून उड्या मारायचे, हेही त्या ओघात बाहेर आलं. आईला हे आजवर माहीत नव्हतं.

दुपारी श्रीखंड-पुरीनंतर सगळे आडवे झाले आणि ऊन कलल्यावर आम्ही मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीवर उतरणारा घाट. सिनेमांमुळे तिथे आता बाहेरची माणसं बरीच येतात. पण देवळाशेजारच्या त्या मोठ्या घंटेपाशी थांबून तिच्याकडे नीट बघणारे थोडेच. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतलीच ही. कृष्णेच्या काठी महादेवाच्या देवळापाशी ती टांगलेली. लेकीने बराच वेळ त्या आकृतीवर बोट फिरवलं. घाटाला चंद्रकोर घाट म्हणतात, पायऱ्या तशा वळलेल्या आहेत म्हणून. धाकटा म्हणाला, "आता खरी बघायला चला." त्याला घाई झाली होती. मलाही.

सूर्यास्ताआधी गुढी उतरवायची असते. हळदकुंकू वाहून आईने गडू उतरवला, गाठी मुलांना वाटल्या आणि आम्ही गच्चीवर गेलो. पावणेसातला सूर्य डोंगराआड गेला. पलीकडच्या गच्चीवर चाचांच्या घरची मंडळी आधीच उभी होती. चाचा म्हणजे नानांचे शाळेपासूनचे मित्र, फळांचा धंदा, आता दुकान मुलगा बघतो. रमजानचा पहिला रोजा २ मार्चला झाला होता, म्हणजे त्या दिवशी एकोणतिसावा. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा. चांद्रमास एकोणतीस किंवा तीस दिवसांचाच असतो, त्यामुळे दिसो न दिसो, प्रश्न एका दिवसाचा. पण त्या एका दिवसासाठी सगळं घर गच्चीवर येतं. तारीख आधीच छापलेली असूनही आकाशाकडे बघून खात्री करून घ्यायची ही पद्धत मला मनापासून आवडते.

"नाना, दिसला का?" चाचांनी विचारलं.

"अजून उजेड आहे. दहा मिनिटं थांबा."

मी मुलांना कुठे बघायचं ते सांगितलं. हात ताठ समोर धरला की आपली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. चंद्र रोज सूर्यापासून बारा-तेरा अंश पुढे सरकतो. काल साडेचारला दोघे एका जागी होते, आता सात वाजत आलेत. म्हणजे किती? लेक म्हणाली साडेसव्वीस तास. धाकट्याने वहीत वजाबाकी करून तिचं उत्तर तपासलं. म्हणजे सूर्य मावळला तिथून सव्वा-दीड मूठ दूर. त्यातला थोडा भाग आता सूर्याबरोबर खाली गेला असेल, तेव्हा डोंगराच्या वर एक मूठभर आकाशात, सूर्यास्ताच्या जागेच्या जरा उजवीकडे शोधा. आकाश खाली नारिंगी होतं, वर फिकट, आणि बरोबर त्या मधल्या पट्ट्यात काहीच नव्हतं.

मग चाचांची नात ओरडली. सात वर्षांची असेल. तिने बोट दाखवलं तिथे आम्ही सगळे बघत होतो आणि तरीही आम्हाला दिसत नव्हता. आणि एकदम दिसला. एकदा दिसल्यावर इतका वेळ दिसला कसा नाही याचं नवल वाटत राहतं. अतिशय बारीक, होडीसारखी आडवी, दोन्ही टोकं वर. या दिवसांत आपल्याकडून कोर अशीच दिसते, कारण चंद्र सूर्याच्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि उजेड खालच्या बाजूला पडतो. आईने हात जोडले. पलीकडच्या गच्चीवर हात दुआसाठी वर झाले. नाना म्हणाले, "प्रतिपदा दुपारी पाऊणलाच संपली, ही बीजेची कोर आहे, म्हणून दिसली." थोड्या वेळाने मशिदीतून उद्याच्या ईदची घोषणा झाली, खालच्या गल्लीत मुलांनी फटाके लावले.

अंधार पडू लागला तसा कोरीचा उरलेला काळा गोलही धूसर दिसायला लागला. पृथ्वीवरून परतलेला उजेड चंद्रावर पडतो, त्याने तो दिसतो. धाकट्याला हे खरं वाटेना. "म्हणजे आपला उजेड तिकडे जातो?" जातो रे बाळा, जातो. पावणेआठच्या सुमाराला कोर डोंगराआड गेली तोवर आम्ही कुणी खाली उतरलो नाही.

गच्चीच्या कठड्याला टेकून नाना आणि चाचा हिशेब करत बसले होते. पाडवा आणि ईद अशी लागोपाठ यापूर्वी कधी आली होती? बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, सौर वर्षापेक्षा अकरा कमी. हिजरी वर्षात ती तूट भरून काढत नाहीत, म्हणून रमजान हळूहळू सगळ्या ऋतूंमधून फिरतो. आपण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून चैत्र वसंतातच धरून ठेवतो. २०२१, २०२२ आणि २०२३ मध्ये पाडव्यापाठोपाठ रमजान सुरू झाला होता. २०२३ ला अधिक श्रावण आला, चैत्र एक महिना पुढे गेला आणि २०२४ पासून पाडव्यापाठोपाठ ईद येऊ लागली. त्याआधीची अशी जोडी १९९२ आणि १९९३ ची. मी तेव्हा प्राथमिक शाळेत.

१९९३ चा तो मार्च मला आठवतो. मुंबईच्या बातम्यांनी मोठी माणसं आपसांत हळू आवाजात बोलायची, रेडिओ सारखा चालू असायचा. आईने त्या वर्षी पाडव्याला चाचांकडे नेहमीसारखीच पुरणपोळी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा आला, डबा घेऊन चाचा स्वतः आले. त्या दोन्ही घरांत काय बोलणं झालं असेल ते मला आता, मोठी झाल्यावर, थोडं उमगतं. गच्चीवर नानांनी फक्त "ब्याण्णव आणि त्र्याण्णव" म्हटलं. चाचा म्हणाले, "हां, त्र्याण्णव." त्यावर दोघं काही बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी नमाज आटोपून चाचा आले ते आम्हा सगळ्यांना घेऊनच गेले. शीरखुर्म्यात खारीक, चारोळ्या, तुपात परतलेल्या शेवया. चाची खारीक आदल्या रात्रीपासून दुधात भिजत घालते. माझ्या मुलांना ईदी मिळाली आणि मी नको नको म्हणत असताना मला सुद्धा. "तू अजून लहानच," चाची म्हणाली. मी वाकून नमस्कार केला.

घरी परत येतो तो आईने चैत्रगौर झोपाळ्यात बसवायला घेतलेली. कैरी किसून डाळ वाटायची होती, पन्हं करायचं होतं. ते मी केलं, आणि लेक आजीबरोबर अंगणात चैत्रांगण काढायला बसली. त्यात गुढी, कासव, गोपद्मं, शंख, तुळस, सूर्य, चंद्र असं सगळं येतं. आजी चंद्राची कोर नेहमी उभी काढते, टोकं एका बाजूला. लेकीने ती आडवी काढली, टोकं वर करून. "अगं, अशी नाही काढायची," आई म्हणाली. "काल अशीच होती, आजी." आई क्षणभर थांबली, मग स्वतःची कोर बोटाने पुसून तिने लेकीची राहू दिली. पन्हं गाळत मी दारातून हे बघत होते.

दुपारनंतर निघालो. वार्षिक परीक्षा पुढच्या आठवड्यात होती, गृहपाठ राहिलेला, कैऱ्यांची पिशवी मागच्या सीटवर. बोगदा ओलांडून कात्रज येईपर्यंत मुलं झोपली होती.

ज्यांना मुलांना दाखवायचं असेल त्यांच्यासाठी: मंगळवारी १ एप्रिलला कोर कृत्तिकांच्या तारकापुंजाजवळ होती, बुधवारी गुरूजवळ. तोवर चंद्र इतका वर आला होता की आमच्या त्या अकरा मजली इमारतीवरूनही दिसला. पुढच्या वर्षी पाडवा १९ मार्चला, गुरुवारी आहे, पण त्या संध्याकाळी कोर दिसणार नाही, कारण अमावास्या त्याच दिवशी सकाळी सातच्या जरा आधी संपते आणि बारा तासांचा चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती शुक्रवारी २० ला बघायची, सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, पश्चिमेला. तेव्हाही ईद पाठोपाठच असेल. त्यानंतर २०२६ च्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ येतो आणि २०२७ ला पाडवा ७ एप्रिलला जातो, तोवर ईद होऊन जवळपास महिना झालेला असेल. म्हणजे या फेरीतली अशी एकच संधी उरली. शुक्रवारी शाळा आहे, पण रजेचा अर्ज मी नव्या वर्षात शाळा उघडल्या उघडल्याच देणार आहे, आणि चाचांनाही तसं सांगून ठेवलंय.